इंजिन वाटेत थांबतं तेव्हा मोटरीकडे सगळ्यात शेवटी बघा

खानापूरहून एका गृहस्थांचा प्रश्न आलाय. आठ बाय चारच्या प्लायवर त्यांनी कर्नाटक-गोवा सीमेवरच्या कॅसलरॉक ते कुळे रेल्वे घाटाच्या धर्तीवर एचओ स्केलचा (खऱ्याच्या १/८७ मापाचा) छोट्या रेल्वेचा लेआउट बांधलाय. एक गोल लाइन, दोन पॉइंट (गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवायच्या जागा), मागच्या बाजूनं चढ. खडी आणि जमीन दिसावी म्हणून घरामागची लाल माती चाळून फेव्हिकॉलच्या पाण्यानं चिकटवलीय. डिझेल इंजिन फेरी-दीड फेरीत एकदा तरी थांबतं आणि बोटानं जरा ढकललं की पुन्हा चालायला लागतं. त्यांनी रूळ पॉलिश पेपरनं घासले, १२ व्होल्टचा अडॉप्टर काढून लॅपटॉपचा १९ व्होल्टचा लावला. दोन दिवस बरं चाललं, मग परत तेच. ओळखीच्या माणसानं ‘मोटर गेली’ म्हणून सांगितलंय. नवीन इंजिन मागवावं का, असं ते विचारतात.

आत्ता मागवू नका. आणि हे वाचून होताच आधी तो लॅपटॉपचा अडॉप्टर काढून ठेवा. ही इंजिनं १२ व्होल्टसाठी असतात. वाटेत वीज अडत असेल तर जास्त व्होल्ट देऊन ती थोडी पुढं ढकलली जाते, पण जिथं संपर्क चांगला आहे तिथं मोटरीवर भलताच ताण येतो आणि चाकाखाली ठिणगी वाढते. ठिणगीनं रुळावर आणखी काळं साचतं. दोन दिवस बरं चालून परत बिघडलं, त्यात या काळ्या थराचा हात असणार.

माझा धंदा मोटर वाइंडिंगचा, बेळगावात उद्यमबागेच्या बाजूला. छोट्या रेल्वेचा नाद त्याच्याबरोबरच लागला. उसाच्या पट्ट्यातले शेतकरी पंपाची मोटर टेम्पोत घालून आणतात, ‘जळली’ म्हणतात. बाकावर घेऊन सरळ सप्लाय दिला की त्यातल्या कितीतरी मोटरी मुकाट्यानं फिरतात. दोष असतो स्टार्टरच्या कॉन्टॅक्टमध्ये, नाहीतर विहिरीवरच्या एखाद्या सैल जोडात. तुमचं इंजिनही तसंच आहे. ढकलल्यावर ते चालतं, यातच बरंच उत्तर आहे. मोटर खरोखर गेली असती तर चाक दोन मिलिमीटर सरकवून ती जिवंत झाली नसती. चाक सरकल्यावर ते रुळाच्या नव्या, स्वच्छ ठिकाणी गेलं आणि वीज परत पोचली, हीच शक्यता जास्त.

‘थांबतं’ या एका तक्रारीत तीन वेगळे बिघाड असू शकतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. म्हणून पुढच्या वेळी इंजिन थांबलं की लगेच हात लावू नका. खोलीतला दिवा बंद करून इंजिनाचा हेडलाइट बघा. हेडलाइट विझलाय आणि चाकं थांबलीत, तर वीज इंजिनापर्यंत येतच नाही: रूळ, जोड, चाकं किंवा पिकअपच्या पत्त्या (चाकांवर टेकून वीज आत घेणाऱ्या पातळ पट्ट्या). हेडलाइट लागलेला आहे पण चाकं थांबलीत, तर वीज येते आणि आत काहीतरी अडलंय: गिअर, घट्ट झालेलं ग्रीस, ब्रश (मोटरीत वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे), किंवा सर्किट बोर्डापासून मोटरीकडे जाणारी सुटलेली वायर. अशा वेळी कंट्रोलर ताबडतोब शून्यावर आणा, कारण अडलेली मोटर भराभर तापते. तिसरा प्रकार म्हणजे हेडलाइटही आहे, चाकंही फिरतायत, फक्त गाडी जागच्या जागी आहे. तो बिघाड विजेचा नसून पकडीचा आणि चढाचा आहे.

दुसरी गोष्ट, थांबण्याच्या जागा. जिथं जिथं इंजिन थांबतं तिथं रुळाशेजारी कागदाचा कपटा ठेवा. मग इंजिन उचलून उलट्या तोंडानं ठेवा आणि पुन्हा चालवा. कपटे दोन-तीन जागीच साचले तर दोष रुळाचा. लेआउटभर विखुरले तर इंजिनाची चाकं किंवा सगळीकडे पसरलेली घाण. शेजाऱ्याचं किंवा मित्राचं दुसरं इंजिन तासाभरासाठी मिळालं तर फारच उत्तम. तेही त्याच जागी अडलं तर तुमच्या इंजिनावरचा संशय तिथंच संपतो.

पुढचं सगळं तुमचा कंट्रोलर साधा डीसी आहे असं धरून लिहितो. डीसीसी, म्हणजे रुळातूनच इंजिनाला डिजिटल सूचना पाठवणारी पद्धत, असेल तर तपासायची रीत बहुतेक हीच राहते. फक्त क्षणभर वीज तुटली तरी डीकोडर (इंजिनातला सूचना वाचणारा बोर्ड) नव्यानं सुरू होतो, त्यामुळं तिथं हेच दोष जास्त ठळक दिसतात.

आता रूळ. बहुतेकांची फसगत इथंच होते. मल्टिमीटर रुळावर टेकवतात, सगळीकडे १२ व्होल्ट दिसतात आणि रूळ ठीक आहेत असा निष्कर्ष निघतो. पण मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट घेत नाही. गंजक्या, सैल जोडातूनही त्याला पुरेल एवढी वीज जाते. इंजिन मात्र चालताना करंट ओढतं आणि त्या करंटपुढं जोड हार मानतो. समजा एका जोडाचा अवरोध ५ ओहम आहे आणि इंजिन ०.४ अँपिअर घेतंय, तर त्या एका जोडावरच २ व्होल्ट खर्च होतात. हळू चालवताना रुळावर मुळात ४-५ व्होल्ट असतात. त्यातले २ गेले तर इंजिन थांबणारच.

म्हणून भार लावून तपासायचं. कुठल्याही टू-व्हीलर गॅरेजमधून पार्किंग लाइटचा १२ व्होल्ट ५ वॅटचा बल्ब आणा. तो साधारण ०.४ अँपिअर घेतो, म्हणजे एका एचओ इंजिनाएवढाच. त्याला दोन वायरी जोडा, टोकं खरवडून घ्या. गोल लाइनला वीज दोन्ही अंगांनी पोचते, त्यामुळं एखादा जोड पूर्ण तुटला तरी बल्ब दुसऱ्या बाजूनं लागतो आणि दोष झाकला जातो. तो उघडा पाडायला फीडरच्या (कंट्रोलरची वीज रुळाला देणाऱ्या वायरींच्या) अगदी शेजारी, एकाच बाजूला, दोन्ही रुळांचे जॉइनर (दोन तुकडे जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या) तात्पुरते सरकवून गोल तोडा. वीज आता एकाच दिशेनं पूर्ण फेरी मारून शेवटपर्यंत जाईल. कंट्रोलर पाऊणपट उघडा आणि बल्बच्या वायरी फीडरपासून सुरू करून एकेका तुकड्यावर टेकवत पुढं जा. उजेड हळूहळू किंचित कमी होणं ठीक. एका जोडानंतर तो एकदम पडला, की तो जोड पकडला.

खात्री करायची तर बल्ब त्या जोडाच्या पलीकडे लागलेला असताना मीटर मिलिव्होल्टवर ठेवा आणि एक टोक जोडाच्या अलीकडे, दुसरं पलीकडे, एकाच रुळावर लावा. चांगल्या जोडावर काही मिलिव्होल्टच दिसतात, वाईटावर शेकड्यांनी. जोड बघून ओळखण्यापेक्षा हे मापन कितीतरी भरवशाचं. बाहेरून चकचकीत दिसणारा जॉइनर आतून काळा पडलेला असतो आणि तुमच्याकडे तर फेव्हिकॉलचं पाणी केशवाहिनीसारखं त्यात ओढलं गेलेलं असण्याची दाट शक्यता आहे. वाळलेला फेव्हिकॉल वीज नेत नाही.

इलाज म्हणून जॉइनर पक्कडीनं दाबून घट्ट करू नका. आठवडाभर बरं वाटतं, मग सैल होतो. जॉइनरचं काम रूळ सरळ रेषेत धरायचं, वीज वाहून न्यायचं काम फीडर वायरींवर सोपवावं. तुमच्या मापाच्या लेआउटवर लाइन साधारण सहा मीटर भरेल. फीडरची एकच जोडी असेल तर लांबच्या टोकाला वीज डझनभर जोड ओलांडून पोचत असणार. प्लायच्या खालून घरगुती वायरिंगची १.५ चौरस मिलिमीटरची दोन रंगांची वायर फिरवा आणि दर मीटरला दोन्ही रुळांना बारीक फीडर चढवून सोल्डर करा. २५ वॅटची सोल्डरिंगची इस्त्री पुरते. रुळाची बाहेरची बाजू आधी घासून घ्या, रोझिनचा फ्लक्स वापरा, ॲसिडचा नको, आणि तीन-चार सेकंदांत काम उरका, नाहीतर प्लास्टिकचे स्लीपर वितळतात. शेजारच्या स्लीपरांवर ओल्या कापडाचा बोळा ठेवला की ते वाचतात. सगळे जॉइनर मात्र सोल्डर करू नका. आपल्याकडे पावसाळ्यात प्लाय फुगतो, एप्रिल-मेमध्ये आकसतो. रुळांना सरकायला कुठंतरी वाव हवा. नाहीतर लाइन वाकते.

पॉलिश पेपरबद्दल स्पष्ट सांगतो, तो परत वापरू नका. त्यानं रुळाच्या डोक्यावर बारीक चरे पडतात आणि त्या चऱ्यांत काळं आधीपेक्षा लवकर बसतं. स्टील वूल तर लेआउटच्या खोलीतही आणू नका. त्याचे तंतू तुटतात, मोटरीचं चुंबक ते आत ओढून घेतं आणि मग ओळखीच्या माणसाचं ‘मोटर गेली’ खरं ठरतं. झालेल्या चऱ्यांवर गुळगुळीत लाकडाचा किंवा बुचाचा तुकडा जोर लावून फिरवत राहा, थोडं तरी सपाट होतं. रूळ निकेल सिल्व्हरचे असतील तर पुढं त्रास कमी. पितळेचे असतील तर त्यांच्यावर चढणारा थर वीज अडवतो आणि पुसणं वारंवार लागतं. पोलादी असतील तर खानापूरच्या पावसात ते गंजणारच. ते बदलायचा विचार ठेवा.

पुसायला मी आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतो आणि शेवटचा हात रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या मिनरल टर्पेंटाइनचा, सुती कापडाला जेमतेम ओल येईल एवढाच. खिडकी उघडी ठेवा आणि पूर्ण वाळेपर्यंत गाडी चालवू नका, ठिणगीनं पेट घेऊ शकतो. हातावरचं सॅनिटायझर नको. त्यात ग्लिसरीन असतं, चिकट थर मागं राहतो. डब्यांची चाकं प्लास्टिकची असतील तर तीही पुसा. तीच घाण रुळावर परत पसरवत असतात.

आता लाल माती. आपल्याकडची जांभ्याची माती दिसायला अस्सल, घाटाच्या देखाव्याला तिच्यासारखा रंग दुसरा नाही आणि तुम्ही ती वापरली याचं मला मनापासून कौतुक वाटतं. पण तिच्यात लोह भरपूर असतं आणि चाळल्यावर जी पूड उरते ती फारच बारीक. जिथं नीट चिकटलेली नाही तिथून ती गाडीच्या हादऱ्यानं उडते, रुळावर बसते, तेल लागलेल्या गिअरमध्ये जाऊन घासणीच्या पेस्टसारखी होते. एक चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि लाइनच्या कडेनं फिरवा. पिशवीला काळे कण चिकटले तर तेच कण मोटरीच्या चुंबकाकडे जाणार आहेत. पिशवीतून चुंबक काढलं की कण खाली पडतात, असं करत सगळी लाइन निघते. आमच्याकडे फाउंड्र्या जवळ असल्यानं हे काम मी नेमानं करतो. मग व्हॅक्यूम फिरवा आणि सुट्या मातीवर फेव्हिकॉल-पाणी ड्रॉपरनं पुन्हा सोडा, पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब घालून, म्हणजे ते आत मुरतं. रुळाचं डोकं ओलं असतानाच पुसून काढा. पॉइंटच्या हलत्या पात्यांजवळ एक थेंबही नको. पुढच्या वेळी माती चिकटवण्याआधीच चुंबकाखालून काढा.

रूळ झाले की इंजिन. फोमच्या तुकड्यावर ते उलटं ठेवा आणि ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी घ्या. एक वायर डाव्या बाजूच्या एका चाकाला, दुसरी उजव्या बाजूच्या एका चाकाला. मोटर फिरली की त्या दोन चाकांचा पिकअप चांगला. आता एक वायर तिथंच ठेवून दुसरी एकेका चाकावर फिरवा, मग उलट करा. ज्या चाकावर मोटर थांबते किंवा अडखळते त्याची पत्ती टेकत नाही किंवा मळलीय. काही चाकांवर रबराचा पट्टा असतो, पकडीसाठी. ती वीज घेतच नाहीत, त्यांना दोष देऊ नका, आणि सॉल्व्हंटही लावू नका, रबर फुगतं. आठ चाकांचं इंजिन असेल, दोन चाकांना रबर, दोन पत्त्या वाकलेल्या, तर वीज घ्यायला चारच चाकं उरतात, आणि त्यातलं एक मातीच्या कणावर चढलं की खेळ संपला.

चाकं साफ करायची सोपी रीत: पेपर नॅपकिनला आयसोप्रोपिलनं ओल द्या, रुळावर आडवा पसरा, एक बोगी (इंजिनाखालचा चाकांचा एक संच) नॅपकिनवर आणि दुसरी उघड्या रुळावर ठेवून इंजिन हातानं धरून चालवा. नॅपकिनवर काळे पट्टे उमटतील. जागा बदलत राहा, पट्टे उमटायचे थांबेपर्यंत. मग दुसरी बोगी. पत्त्यांचं टोक स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीनं पुसा आणि चाकाच्या मागच्या बाजूला हलके टेकेल इतपतच वाकवा. जोरात दाबली तर तीच ब्रेक होते.

पॉइंटचं थोडक्यात. इंजिन नेमकं पॉइंटच्या मध्यावर, दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथं थांबत असेल, तर तो प्लास्टिकचा भाग आहे आणि तिथं वीज नसते. लांब इंजिन तो सहज ओलांडतं, कमी चाकांनी वीज घेणारं अडकतं. वरची पिकअप तपासणी नीट झाली तर हा त्रास बहुधा आपोआप जातो. पॉइंटवर थांबताना हेडलाइटबरोबर कंट्रोलरही बंद पडत असेल तर मात्र शॉर्ट आहे. चाकांमधलं आतलं अंतर व्हर्नियरनं मोजा, एचओला ते साधारण साडेचौदा मिलिमीटर असायला हवं.

चढाबद्दल जरा जास्त बोलतो, कारण तुमचा घाट मला महत्त्वाचा वाटतो. खरा कॅसलरॉक-कुळे घाट ३७ ला १ असा आहे, आणि तिथं कुळ्याहून वर येणाऱ्या गाड्यांना बँकर, म्हणजे मागून ढकलणारी, जादा इंजिनं लावावी लागतात. तुमच्या प्लायची पूर्ण आठ फूट लांबी वापरली तरी ३७ ला १ या चढानं उंची मिळते जेमतेम साडेसहा सेंटिमीटर. एका लाइनवरून दुसरी लाइन न्यायची असेल तर एवढी उंची एचओला अपुरी, म्हणजे तुम्ही चढ याहून तीव्र ठेवला असणार, त्यात टोकाला वळण. वळणावर ओढ आणखी वाढते. चाकं जागेवर फिरतायत असं दिसलं तर डबे कमी करून बघा. दोन डब्यांनी इंजिन चढलं आणि पाचांनी नाही, तर चढ कमी करा किंवा गाडी छोटी ठेवा. रबराचे पट्टे गुळगुळीत झाले असतील तर तेही बदला.

चढाची सुरुवात मात्र विजेशीही निगडित आहे. सपाट लाइन एकदम चढाला लागली की तिथं कोन तयार होतो आणि इंजिन त्यावरून जाताना मधली एक-दोन चाकं रुळावरून उचलली जातात. डोळ्यांना दिसत नाही, एक कागद चाकाखाली सरकतो एवढंच. तुमचे कपटे चढाच्या पायथ्याशी किंवा माथ्यावर साचले तर रुळावर पोलादी पट्टी उभी धरून बघा आणि फूट-दीड फुटात हळूहळू चढ सुरू होईल अशी खालून पाचर घाला.

एवढं सगळं करूनही हेडलाइट लागलेला आणि चाकं थांबलेली असतील, तर आता मोटर. वरचं कवच काढा, बॅटरी सरळ मोटरीच्या टोकांना लावा. मोटर मोकळी फिरली तर बोर्डाच्या वायरी आणि क्लिपा बघा, त्या नुसत्या दाबून बसवलेल्या असतात. फिरताना दर फेरीला ‘टक’ असा आवाज येत असेल तर एखादा गिअर तडकलाय. मोटर जडपणे फिरत असेल तर कम्युटेटर (ब्रश ज्याच्यावर घासतात तो तांब्याचा भाग) स्पिरिटच्या काडीनं पुसा, ब्रश किती उरलेत ते बघा. जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं असेल तर पूर्ण काढून प्लास्टिकला चालणारं हलकं तेल, सुईच्या टोकानं, एकेक थेंब. खोबरेल तेल कधीच नको. ते साधारण २४ अंशांखाली गोठतं, आणि आपल्याकडे डिसेंबरच्या सकाळी बाटलीतलं तेल कसं घट्ट होतं हे तुम्ही रोज बघता. तेच गिअरमध्ये होतं. जास्त तेलही नको, ते चाकांवरून रुळावर उतरतं आणि धूळ धरतं.

इंजिन दहा-पंधरा मिनिटं छान चालून थांबतं आणि गार झाल्यावर परत चालतं, असं असेल तर तसं कळवा, कारण मग वीज-संपर्कापेक्षा मोटरीचं तापणं किंवा कंट्रोलरचा ओव्हरलोड कट-आउट बघावा लागेल.

क्रम असा ठेवा: आधी हेडलाइट आणि कपटे, मग बल्बनं रूळ, मग बॅटरीनं चाकं, आणि कवच उघडायचं ते सगळ्यात शेवटी. कपट्यांनी बोट सरळ इंजिनाकडे दाखवलं तर बल्बचं काम दुसऱ्या रविवारी केलंत तरी चालेल.

पावसाळ्यात खानापूरकडची हवा आठवडेच्या आठवडे ओली असते, म्हणून लेआउट बाहेरच्या भिंतीपासून हातभर दूर ठेवा, वर सुती चादर घाला, प्लास्टिकची नको, तिच्याखाली ओल कोंडते. इंजिनं डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. आठवड्यातून एकदा तरी गाडी दहा मिनिटं चालवा, चालत्या चाकांनी रूळ साफ राहतात.

आणि या सगळ्यातून मोटर खरंच दोषी ठरली, तर नुसती मोटर बदलून भागेल का ते आधी बघा. बऱ्याच इंजिनांच्या मोटरी सुट्या मिळतात, शाफ्टचा व्यास आणि लांबी मोजून ठेवा. नवीन इंजिनच घ्यायचं ठरलं तर दुकानदाराला रंग आणि नंबर विचारण्याआधी विचारा की वीज किती चाकांतून घेतं आणि रबराचे पट्टे किती चाकांना आहेत. सगळ्या चाकांतून घेणारं मिळालं तर तेच घ्या, मग ते तुमच्या आवडत्या क्लासचं नसलं तरी चालेल.